तीन रेघा आणि वर एक टिंब

ती गाडी रणगाडा नव्हती. हे मी आधी गाडीच्या मालकाला सांगितलं, मग बायकोला, मग वर्कशॉपशेजारच्या चहावाल्याला आणि शेवटी होटगी रोडवर आम्हाला अडवणाऱ्या ट्रॅफिक हवालदाराला. रणगाड्याला पट्टे असतात, वर फिरती तोफ असते. हिला चार चाकं होती आणि वर साधं छप्परही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात पुढं जायचं, शत्रू कुठं बसलाय ते बघायचं आणि गोळी लागायच्या आत मागं फिरायचं, एवढंच हिचं काम. म्हणजे चिलखती टेहळणी गाडी. सगळ्यांनी माझं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि पुढं रणगाडाच म्हणत राहिले.

माझं जुन्या गाड्या दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. लोक आजोबांच्या जीपा आणतात, मी आधी त्यांच्यावर चिडतो, मग जीप दुरुस्त करतो. होटगीच्या पुढच्या एका गावात मी एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बघायला गेलो होतो. ट्रॅक्टर बरा होता, मालकच त्यात भलतं ऑइल ओतत होता. तसं त्याला सांगून हात धुवायला विहिरीकडं गेलो, तर कडब्याच्या गंजीमागं ही उभी. पोटात कांदे भरलेले, कांद्यांवर कोंबड्या बसलेल्या. अंगावर निळा ऑइलपेंट. पोपडा उडाला होता तिथं खाली गुलाबी, गुलाबीखाली हिरवा. फक्त डाव्या अंगाच्या एका पत्र्यावर तळहाताएवढी जागा बिनरंगाची होती. तिथं लोखंडात छिन्नीनं मारलेल्या तीन आडव्या रेघा होत्या आणि त्यांच्यावर एक टिंब. रेघांना विभूती फासलेली, टिंबाला कुंकू.

मालकाच्या आजोबांनी लढाईनंतर लष्करी सामानाच्या लिलावात ती उचलली होती. मागचं चाक जॅकवर चढवायचं, चाकावर पट्टा टाकायचा आणि त्यावर उसाचा चरक फिरवायचा, असा तिचा उपयोग. पुढं पेट्रोल परवडेना म्हणून ती थांबली ती थांबलीच. पण खंडेनवमीला नांगराची, कोयत्याची पूजा होई तशी हिचीही होई, आणि पूजेआधी घरात जो रंग उरला असेल त्याचा एक हात मारला जाई. निळा दारांचा होता. गुलाबी मालकाच्या लग्नाच्या वेळचा. विभूतीवरचा लष्करी रंग लिलावाआधीच उडाला होता; ती जागा मात्र कधी रंगवायची नाही. घर शंकराला मानणारं. गाडी कारखान्यातूनच कपाळाला विभूती लावून आलेली, तर ती झाकणारे आपण कोण, असं आजोबा म्हणून गेले होते.

ही गाडी मी चालू करून देतो, असं मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं. मालकानं जरा विचार केला आणि दोन अटी घातल्या. विभूतीला धक्का लावायचा नाही, आणि खंडेनवमीला गाडी परत दारात पाहिजे. कांदे कुठं ठेवायचे हा प्रश्न त्याला जास्त छळत होता.

घरी येऊन चहा पिताना मी हे अव्वाला सांगितलं. आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात. ती नव्वदीला टेकली आहे, होटगीची माहेरवाशीण आहे, आणि तिला रागवायला मी लागत नाही, ती आपली आपण रागावते. ती पावटे सोलत होती. तीन रेघा आणि टिंब ऐकल्यावर तिचे हात थांबले.

"आपल्या घागरीवर हाय तसं?" तिनं विचारलं.

आमच्या घरातल्या जुन्या पितळी भांड्यांवर तशी खूण आहे. लोक भांड्यांवर नावं घालून घेतात. अव्वाच्या लग्नातल्या भांड्यांवर तिच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, स्वतःच्या छिन्नीनं तीन रेघा आणि वर एक टिंब काढलं होतं. आम्ही मुलं त्याला विभूतीच समजत आलो. कुंकू विभूतीच्या वर कसं, असं कुणी कधी विचारलं नाही.

अव्वा म्हणाली, हे अप्पाचं काम. मी म्हणालो, तीन आडव्या रेघा सोलापुरात दर दुसऱ्या कपाळावर असतात. तिनं पावट्यांची परात बाजूला सारली.

इथं अप्पांचं सांगायला पाहिजे. अप्पा होटगीला रेल्वेत फिटर होते. लढाईच्या काळात वरून हुकूम आला आणि त्यांना रेल्वेच्या एका मोठ्या कारखान्यात धाडलं. कुठल्या, ते घरी सांगायची मनाई होती, आणि अप्पा मनाई पाळणाऱ्यांतले. काही वर्षं त्यांचा पत्ता नाही. परत आले ते दोन्ही कानांनी बहिरे होऊन. कुठं होता म्हणून विचारलं तर म्हणाले, रणगाडे बनवत होतो. भावकी हसली. रेल्वे रणगाडे बनवते होय? मग भावकीनंच उत्तर शोधलं. यानं मुंबईत बाई ठेवली होती, आणि तिनंच कानाखाली वाजवून परत धाडलं. बहिरेपणाचाही त्यात उलगडा होत होता, त्यामुळं गोष्ट गावात पक्की बसली. अप्पांना ती ऐकू यायची नाही. आजीला यायची.

विहिरीवर बायका आजीला मुंबईच्या सवतीची खुशाली विचारत. अव्वाच्या बघण्याच्या कार्यक्रमात कुणीतरी दबक्या आवाजात 'ते मुंबईचं' काढलं, तेव्हा तिनं मान वर करून सांगितलं की माझे वडील रणगाडे बनवत होते. पाव्हणे हसले. त्यांतले एक माझे वडील होते, आणि ते हसल्याचं अव्वानं त्यांना शेवटपर्यंत विसरू दिलं नाही. अप्पा गेले, आजी गेली, अव्वाच्या दोन्ही थोरल्या बहिणी गेल्या. गोष्ट तेवढी राहिली. भावकीतल्या एका बारशाला गेलो होतो, तिथंही एका म्हाताऱ्यानं हसत हसत ती माझ्या बायकोला ऐकवली होती.

"त्या गाडीला अप्पाचा हात लागलाय का, तेवडं बगून सांग मला," अव्वा म्हणाली. "मी जायच्या आत."

मी म्हणालो, बघतो. गाड्यांच्या बाबतीत मी माहीत असल्याशिवाय हो म्हणत नाही, आणि आईसाठी नियम बदलणं मला जमत नाही.

गाडी ट्रेलरवर घालून वर्कशॉपला आणली. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन कांद्याच्या आणि कोंबड्यांच्या वाफेनं गच्च बसलं होतं. पिस्टन सुटायला बरेच दिवस सिलिंडरांत डिझेल ओतून वाट बघत बसावं लागलं. ब्रेकच्या ड्रममध्ये उंदराचं घर होतं. सगळे नट इंचातले, तेव्हा वडिलांच्या वेळचे पाने ट्रंकेतून काढले. सगळ्यात आधी चालू झाला तो हॉर्न. नवीन बॅटरीची वायर लावून बटण दाबलं, आणि तो असा बोंबलला की चहावाल्याच्या हातून किटली पडली. नंतर इंजिनानं मला रडवलं, पण हॉर्ननं कधी दगा दिला नाही.

खरी अडचण पत्र्याची निघाली. विभूतीच्या पत्र्याच्या पलीकडचा, गाडीच्या मागच्या अंगाचा पत्रा खालून गंजानं पूर्ण खाल्लेला होता; कांदे तिथंच टेकत असत. मोहोळच्या एका भंगारवाल्याकडं अशाच दुसऱ्या गाडीचा सांगाडा पडलाय असं कळलं. जाऊन तोच पत्रा काढून आणला. आकार तोच, जाडी तीच, वळण तेच. लावायला गेलो तर एकही भोक जुळेना. पत्रा इकडून धरला, तिकडून धरला, उलटा करून पाहिला. कारखान्यात तयार झालेल्या एकाच जातीच्या दोन गाड्यांचे पत्रे एकमेकांना बसत नाहीत, याचा मला इतका संताप आला की मी ऑस्ट्रेलियाला ईमेल लिहिली.

तिथं एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांच्याकडं अशा गाड्या आहेत आणि त्यांच्याबद्दलची माहितीही. माझ्या इंग्रजीत राग नीट उतरत नाही, त्यामुळं त्यांना ती विनंती वाटली आणि त्यांनी लांबलचक उत्तर पाठवलं. ते मी मुलीकडून वाचून घेतलं, मग स्वतः परत वाचलं. या गाड्यांची चासी आणि इंजिन कॅनडातून खोक्यांत भरून जहाजानं यायची. चिलखती पत्रा आपल्याकडंच तयार व्हायचा. आणि जोडणी रेल्वेच्या कारखान्यांत, जिथं एरवी मालगाडीचे डबे व्हायचे. साचे वगैरे काही नव्हतं. फिटरनं पत्रा जागेवर धरायचा, कानस मारून बसवायचा आणि तिथंच भोकं पाडायची. प्रत्येक गाडीचा पत्रा तिच्यापुरता. भोकं पाडून झाली की पत्रे सुटे करून भट्टीत कडक करायला जात, आणि परत आल्यावर कुठला कुठं ते कळावं म्हणून फिटर सांध्याजवळ छिन्नीची खूण करत. तुमच्या गाडीचे सांधे खरवडून बघा, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

रेल्वेचं वाक्य मी अव्वाला दोनदा वाचून दाखवलं. ती देवापुढं जाऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही. मला वाईट वाटलं, कारण मला पुढचं दिसत होतं. रेल्वे अशा गाड्या जोडायची, हे खरं ठरलं. पण असे कारखाने अनेक, त्यांत फिटर किती तरी. अप्पा त्यांतच होते कशावरून? भावकीतला म्हातारा असता तर त्यानं हेच विचारलं असतं, आणि मी त्याला काय सांगणार होतो?

मी सांधे खरवडायला घेतले. निळा गेला, गुलाबी गेला, हिरवा गेला, खाली लष्करी खाकी लागला, तोही गेला. विभूतीच्या पत्र्याच्या मागच्या, खाल्लेल्या पत्र्यावर खूण निघाली. चार रेघा आणि वर टिंब. पुढच्या पत्र्यावर दोन रेघा आणि वर टिंब. अगदी पुढच्यावर एक.

मी हातातली खरवडायची पट्टी खाली ठेवली. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. गाडी कशी जोडली ते लोखंडावरच लिहिलेलं सापडलं होतं, ऑस्ट्रेलियाला फोटो पाठवण्यासारखं काम झालं होतं. मला नुसतं जड वाटलं. विभूती वगैरे काही नव्हतं. तो तीन नंबरचा पत्रा होता. एका घरानं तीन पिढ्या तीन नंबरला भस्म लावलं होतं, आणि माझी आई त्याच तीन नंबरवर बापाची अब्रू टांगून बसली होती.

मालकाला मी फोनवर सांगून टाकलं.

"तीन नंबर तर तीन नंबर," तो म्हणाला. "अण्णा, विभूती लावायला त्यात काय अडचण हाय?"

मला काही अडचण सापडली नाही. खंडेनवमीचं विसरू नका म्हणून त्यानं फोन ठेवला.

अव्वाला सांगायला मी दोन दिवस लावले. मग एका सकाळी ती भाकरी करून उठली, तेव्हा तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. विभूती नाही, नंबर आहे. शेजारी चार आहे, अलीकडं दोन आहे, एक आहे. कुठलाही फिटर असाच नंबर टाकेल. यावरून अप्पांचं काही सिद्ध होत नाही. मी हे जरा कडक आवाजात सांगितलं, कारण मऊ आवाजात मला ते सांगता आलं नसतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् वरचं टिंब?"

ते 'ही बाजू वर' असं सांगण्यासाठी, मी म्हणालो. चौकोनी पत्रा भट्टीतून काळाठिक्कर होऊन येतो, त्याचं वर कुठलं नि खाली कुठलं ते कळत नाही. उलटा बसला तर भोकं जुळत नाहीत. म्हणून टिंब नेहमी वरच्या अंगाला.

अव्वा कमरेवर हात ठेवून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पितळी घागर आम्ही आता वापरत नाही, ती माळ्याखालच्या फळीवर असते. ती तिनं स्वतः ओढून काढली. मी मदतीला उठलो तर हातानंच थांब म्हणाली. घागर माझ्यापुढं आणून ठेवली, खूण माझ्याकडं करून.

"थोरल्या अक्काच्या घागरीवर एकच रेग व्हती," ती म्हणाली. "लई रडली व्हती अक्का. अप्पानं मला विभूती कमी दिली म्हनून. मदलीला दोन."

"आणि तू तिसरी," मी म्हणालो.

"व्हय. रेगांचं मला तवाच कळलं व्हतं. लग्नात भांडी मिसळू नयेत म्हनून नंबर. टिंबाचं आत्ता कळलं." तिनं घागरीच्या त्या टिंबावर बोट ठेवलं. "घागर काय कुनी उलटी भरतंय व्हय?"

मी घागरीकडं बघत राहिलो. घागरीचं वर कुठलं ते तिचं तोंडच सांगतं. तिला टिंबाची काही गरज नाही. कळशीला नाही, तांब्याला नाही, परातीला तर नाहीच. पण आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर रेघांच्या वर ते टिंब आहे. असं टिंब कुणाकडून पडेल? ज्याच्या हातांनी वर्षानुवर्षं चौकोनी पत्र्यांवर नंबर टाकले आणि प्रत्येक नंबरावर 'ही बाजू वर' म्हणून ठोका मारला, त्याच्याकडून. नंबर टाकला की हात आपोआप वर जातो आणि एक ठोका देतो. मग समोर पत्रा असो नाहीतर तिसऱ्या मुलीची घागर.

मी इतके दिवस पुरावा गाडीवर शोधत होतो. लहानपणी आमचं पाणी त्याच पुराव्यातून यायचं. मी उगाचच घागर पुसायला घेतली.

अप्पा खोटं बोलत नव्हते, एवढंच मी म्हणालो.

ते मला ठाऊकच होतं, अव्वा म्हणाली, तुला कळलं ते बरं झालं. मग ती पाटावर बसली आणि तिचा चेहरा उतरला. तिला दिसलं ते मलाही दिसलं. विहिरीवर विचारणाऱ्या त्या बायका राहिल्या नव्हत्या. बघायला आलेले पाव्हणे राहिले नव्हते. बारशातला म्हातारासुद्धा मागच्या उन्हाळ्यात गेला होता.

"आता सांगायचं कुनाला?" ती म्हणाली.

चार नंबरचा पत्रा मी नवीन कापला आणि जुन्या फिटरनं केलं तसाच बसवला, जागेवर धरून, कानस मारून. भोकं तिथंच पाडली. मग छिन्नी घेऊन सांध्याजवळ चार रेघा मारल्या आणि वर एक टिंब. ऑस्ट्रेलियाच्या गृहस्थांना हे आवडलं नाही. पुढं कुणाला जुनं-नवं ओळखू येणार नाही, असं त्यांनी लिहिलं. म्हणणं बरोबर होतं. खूण मी तशीच ठेवली.

खंडेनवमीच्या सकाळी इंजिन दुसऱ्या झटक्याला धरलं. अव्वा नव्या इरकली लुगड्यात तयार होऊन, मांडीवर घागर घेऊन वर्कशॉपच्या दारात खुर्चीवर बसली होती. ट्रेलर मागवला होता, तिनं तो परत धाडायला लावला. गाडी चालते की नाही? मग चालवत न्यायची. बायकोनं आणि मी तिला स्टुलावरून उचलून आत घेतलं. ती माझ्या शेजारी बसली. पत्र्यांच्या वर तिचा पदर घेतलेला माथा तेवढा दिसत होता. मला समोरच्या झडपेतून वीतभर रस्ता दिसत होता, बाकीचा अव्वा सांगत होती.

हवालदारानं अडवलं ते थोडं पुढं. रणगाडा घेऊन कुठं निघालात, म्हणाला. मी समजावून सांगायला लागलो. अव्वानं वरून सांगितलं की पूजेला निघालोय, आणि त्यानं हात जोडून वाट दिली.

होटगीत शिरल्यावर तिनं माझ्या खांद्याला हात लावला. भावकीचं घर रस्त्याला लागूनच आहे. आता तिथं कुणाच्या तरी नातवाचा संसार आहे. खाली दुकान, वर नवा मजला. ती म्हणाली थांब, मी थांबलो. ती म्हणाली हॉर्न वाजव. मी वाजवला. झाडावरचे कावळे उठले. शेजारच्या दोन दारांतून लोक डोकावले. त्या घरातून एक सून बाहेर आली, हातांना हळद लागलेली, घाबरी झालेली. काय झालं आज्जी, असं तिनं खालून विचारलं.

अव्वा बसल्या जागी ताठ झाली. "काय न्हाय," ती म्हणाली. "ह्यो रणगाडा आमच्या अप्पानं बनवलाय. तेवडं सांगायचं व्हतं."

त्या सुनेला अप्पा कोण ते माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं गाडी एकदा पुढून मागं बघितली, बरं म्हणाली, आणि हळदीचं बोट पुसायच्या आधी विभूतीच्या पत्र्याला लावून नमस्कार केला.

ही गाडी रणगाडा नव्हती. आणि तिला अप्पांचाच हात लागला होता याला माझ्याकडं आजही पुरावा नाही. दोन्ही गोष्टी माझ्या जिभेवर आल्या होत्या. अव्वानं पदर सारखा केला आणि म्हणाली, अजून एकदा वाजव.

मी दोन्ही गिळल्या आणि हॉर्न दाबला.